चिंध्यांचे मांडणशिल्प

शाळेच्या जिन्याखाली विद्यार्थ्यांनी टाकाऊ कपड्यांचे मांडणशिल्प उभारले की पाहणारे त्यातले झाड किंवा लाट ओळखतात आणि कौतुक करून पुढे जातात. मी मात्र आधी शिल्पाच्या मागच्या बाजूला जातो, कारण तुकडे एकमेकांना कशाने धरून ठेवले आहेत, हे तिथेच कळते.

कापड कागदाइतके आज्ञाधारक नसते. जुन्या टी-शर्टची आडवी पट्टी कापून ताणली की तिच्या कडा आपोआप वळतात आणि हातात गोल, लवचिक दोर येतो. जीन्समध्ये सहसा उभे धागे तेवढे निळे रंगवलेले असतात, त्यामुळे तुकड्याच्या कडेचे ते धागे सुईच्या टोकाने एकेक करून ओढून काढले की आडव्या, पांढऱ्या धाग्यांची झालर उरते. ही झालर पाहून एखाद्या मुलीला लाटेवरचा फेस सापडतो आणि कागदावर आखलेला आराखडा बाजूला पडतो. अशा वेळी शिक्षकांनी घाई केली नाही, तर त्या तासाइतका चांगला तास शाळेत क्वचितच होत असेल.

इटालियन कलावंत मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो यांनी १९६७ साली व्हीनसचा पुतळा चिंध्यांच्या रंगीबेरंगी ढिगाकडे तोंड करून उभा केला, तेव्हापासून हा ढीग कलादालनांच्या ओळखीचा आहे. खरा ढीग मात्र फार मोठा आहे. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ९ कोटी २० लाख टन कापडकचरा निर्माण होतो आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे होण्याचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत असल्याचे सांगितले जाते. त्याचे एक कारण मुलांना कॉलरच्या आतल्या लेबलवरच वाचायला मिळते : एकाच धाग्यात सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेले असले की ते पुन्हा वेगळे करणे अवघड आणि खर्चाचे होते.

म्हणूनच ग्लू गनबद्दल माझे मत फारसे बरे नाही. तिने काम झटपट होते, हे खरे. पण प्लायवूडवर गरम गोंदाने चिकटवलेले सुती कापड पुन्हा ना पुसायला उपयोगी पडते, ना लगदा करायला, आणि प्रदर्शन संपल्यावर ते कचऱ्याच्या डब्याशिवाय कुठेही जाऊ शकत नाही. टाका उसवता येतो, गाठ सोडवता येते. शिल्प उभारण्याइतकाच वेळ ते उसवण्यासाठीही वेळापत्रकात ठेवावा. सुती, लोकरी आणि मिश्र कापडाचे ढीग वेगळे करताना मुलांना जे कळते, ते फलकावरच्या घोषणेने कळत नाही. पालकांना मात्र या कार्यक्रमाला बोलावू नये. मुले मजेत कात्री चालवत असतात आणि हळहळ होते ती मोठ्यांनाच.