जुने राक्षस पुन्हा काढायला घेतलेत

परवा भाचा आला होता. आंघोळीला जा म्हटलं तर त्याने टीशर्ट अर्धाच काढला, गळा कपाळावर अडकवून ठेवला आणि खांदे वर करून घरभर फिरायला लागला, मान गायब, तोंड थेट छातीतून उगवल्यासारखं. मी ओट्यापाशी उभी होते, एकदम ओरडले, "अरे, हा तर जमिला!" त्याला काही कळलं नाही, पण माझं त्या दिवशीचं बाकी सगळं काम राहिलं ते राहिलंच.

जमिला म्हणजे 'अल्ट्रामॅन' या जपानी मालिकेतला राक्षस, डिसेंबर १९६६ मधल्या एका भागातला. जपानी पोरं शर्ट डोक्यावर ओढून जमिला जमिला खेळायची, इतका तो आकार सोपा आणि डोक्यात बसणारा आहे. पण गोष्ट साधी नाही त्याची. तो मुळात माणूस, अंतराळवीर. यान भरकटून पाणी नसलेल्या ग्रहावर अडकतो, त्याच्या देशाने ती बातमी दाबून टाकलेली असते, आणि तिथे जगता जगता शरीर बदलत जाऊन त्याचं हे असं होतं. तो परत येतो ते सूड घ्यायला, आणि मरतो कशाने, तर पाण्याने. अंगभर भेगा आहेत त्याच्या. मी लातूरकडची, मे महिन्यात काळ्या रानाला पडतात त्या भेगा लहानपणापासून बघितल्यात, पाय घोट्यापर्यंत आत जाईल अशा. जमिलाचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला भीती वाटली नाही, तहान लागली. खरंच सांगते.

हा आकार ज्यांनी दिला ते तोरू नारिता. जन्म १९२९ चा, कोबे शहरातला, वाढले उत्तरेकडच्या आओमोरीत. तान्हे असताना चुलीच्या निखाऱ्यांत डावा हात भाजला तो कायमचा अधू झाला, तरी पुढे शिल्पकला शिकले. १९५४ च्या 'गॉडझिला' सिनेमाच्या वेळी मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या प्रतिकृतींच्या, कामात रोजंदारीवर होते, तिथून टीव्हीत आले, आणि १९६५ ते ६८ या तीनेक वर्षांत 'अल्ट्रा क्यू', 'अल्ट्रामॅन', 'अल्ट्रासेव्हन' या तीन मालिकांसाठी ढीगभर राक्षस, परग्रहवासी आणि त्यांच्याशी लढणारा हिरो, खुद्द अल्ट्रामॅन, त्यांनी कागदावर आणला. आठवड्याला एक भाग! मी टीव्हीत काम केलंय, आठवड्याला एक नवा प्राणी म्हणजे काय असतं ते मला माहितीये, झोप उडते.

आणि तरी त्यांनी स्वतःला तीन नियम घालून घेतले होते. एक, नुसता अवयव वाढवायचा नाही, म्हणजे दोन डोकी, चार हात असलं काही नाही, ते भुताखेतांचं काम, राक्षसाचं नाही. दोन, खऱ्या प्राण्याकडून काही उचललं तरी चालेल पण तो प्राणीच मोठा करून ठेवायचा नाही, आकार आपला नवा पाहिजे. तीन, फाटलेलं अंग, गळणारं रक्त, लोंबणारी आतडी नाहीत. लहान मुलं बघणार आहेत, त्यांना किळस द्यायची नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहिल्या नियमाशी माझं भांडणच झालं. आपल्याकडे रावणाला दहा तोंडं आहेत हो! जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात मुखवटे घालून नाचणारी माणसं बघितली असतील तर कळेल मी काय म्हणते ते. मग खूप दिवसांनी उमगलं की रावण हा राक्षस असला तरी नारिता म्हणतात तसला प्राणी नाहीच, चार वेद आणि सहा शास्त्रं म्हणून दहा तोंडं असं आमची आजी सांगायची, म्हणजे प्रत्येक तोंडाला काही कारण आहे. नियम आहे तो कारण नसताना डोकी वाढवणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्यांसाठी.

कारण मी हेच केलं होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका चॅनलच्या मुलांच्या पौराणिक मालिकेसाठी मी असुर डिझाइन करत होते, एकवीस-बावीस झाले असतील. दर मीटिंगला वरून एकच निरोप यायचा, अजून भयानक करा. मग मी शिंगं वाढवायचे, सुळे वाढवायचे, सुळ्यांवरून रक्ताचा थेंब. आमच्याकडे लेटेक्सचे साचे करणारे एक काका होते, ते माझं ड्रॉइंग हातात घेऊन शांतपणे म्हणायचे, "ताई, हा कोण आहे?" मी नाव सांगायचे, अमुक असुर. ते म्हणायचे, "नाव नाही विचारलं. कोण आहे?" मला तेव्हा राग यायचा. मालिका बंद पडली, मोबदला अर्धाच मिळाला आणि फाइल माळ्यावर गेली.

भाचा गेल्यावर ती फाइल काढली. पावसाळ्यात ओल लागून कागद लाटांसारखे झालेत, दोन-तीन पानं एकमेकांना चिकटलीत. शेजारी लॅपटॉपवर नारितांची चित्रं उघडून ठेवली आणि एकेक करून बघत बसले.

रेड किंग बघा. अंग अवाढव्य आणि डोकं इवलंसं. खालून वर बघताना लांबचं लहान दिसतं ना, ती युक्ती अंगातच घातलीय, म्हणजे साधारण माणूस सूटमध्ये उभा राहिला तरी डोकं कुठेतरी ढगात असल्यासारखं वाटतं. एक शिंग नाही. गोमोराच्या डोक्यावर आडवी चंद्रकोर आहे ती जुन्या सामुराई सरदाराच्या शिरस्त्राणावरून घेतलेली. 'दादा' नावाच्या परग्रहवासीच्या अंगावर नुसते काळे-पांढरे पट्टे, नाव डाडाइझम या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या कलाचळवळीवरून, म्हणजे आधुनिक कला त्या माणसाने सरळ पोरांच्या टीव्हीवर नेऊन बसवली. आणि कानेगोन! पैशाला हपापलेल्या मुलाचा झालेला प्राणी, डोकं म्हणजे नाणी ठेवायचा बटवा, तोंडाला चेन, नाणी खाल्ली नाहीत तर मरणार. लोभावर मुलांना एवढं बोललेलं मी दुसरं काही बघितलं नाही, आणि त्यात एक शब्दही नाही, नुसती चेन. साचेवाल्या काकांनी विचारलं असतं हा कोण आहे तर नारितांना उत्तर द्यावंच लागलं नसतं.

हे सगळं कागदावरून अंगावर घालायच्या सूटमध्ये उतरवलं रयोसाकू ताकायामा यांनी, बरेचसे सूट त्यांच्या हातचे. स्वतः चित्रकार माणूस. आत घामाने निथळणाऱ्या नटाचा विचार करून ते सूट हलके ठेवायचे म्हणे. अल्ट्रामॅनचा चेहरा मातीत घडवला आकिरा सासाकी यांनी. ही नावं मुद्दाम लिहितेय, कारण असल्या कामात नावं पहिली गळतात.

पण नारितांचंही सगळं मनासारखं झालं नाही. बाल्टन या परग्रहवासीचे ते प्रचंड नांग्यांचे हात आज जगभर ओळखले जातात, पण ते दिग्दर्शकाच्या मागणीवरून आले, नारितांना ते पटले नव्हते. अल्ट्रामॅनच्या छातीवरचा रंग बदलणारा दिवाही त्यांचा नाही. हिरोची ताकद संपत आलीय हे मुलांना दिसावं म्हणून तो नंतर बसवला गेला. सूटची चेन झाकायला पाठीवर माशासारखा पर आला, आतल्या माणसाला दिसावं म्हणून डोळ्यांखाली भोकं पडली. या तिन्ही गोष्टी त्यांच्या मनात नव्हत्या. १९६८ मध्ये ते 'अल्ट्रासेव्हन' अर्ध्यावर सोडून बाहेर पडले.

मग १९८३ मध्ये त्यांनी अल्ट्रामॅन परत काढला. तैलरंगात. दिवा नाही, पाठीवर पर नाही, डोळ्यांना भोकं नाहीत. नाव दिलं 'सत्य, न्याय आणि सौंदर्याचा अवतार'. मी या चित्राकडे इतके वेळा बघितलंय, आणि दर वेळी आधी नजर जाते ती छातीकडेच, जिथे काही नाही तिथे. सतरा वर्षं त्यांनी ती मोकळी छाती मनात सांभाळून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, मालिका कधीच संपलेली, तरी बसून काढलं. २००२ मध्ये ते गेले. २००६ मध्ये आओमोरीचं कलासंग्रहालय उघडलं, त्यांची १८९ मूळ डिझाइनं आज तिथे आहेत. आणि २०२२ च्या 'शिन अल्ट्रामॅन' सिनेमात अल्ट्रामॅन पडद्यावर आला तो दिव्याशिवाय, त्या चित्रातल्यासारखा. त्यांना बघायला मिळायला हवं होतं असं मला फार वाटतं.

तर मी काय केलं, त्या फाइलमधला एक असुर निवडला. दुष्काळ आणणारा, सगळ्या नद्या पिऊन टाकणारा असा तो गोष्टीत होता, आणि मी त्याला काय दिलं होतं तर चार शिंगं, सहा सुळे, लाल डोळे आणि रक्त. नदी कुठेच नाही त्याच्यात! ट्रेसिंग पेपर ठेवला आणि आधी रक्त सोडून दिलं, मग सुळे, मग शिंगं. राहिलं नुसतं एक पोट. मग त्या पोटाकडे दोन दिवस बघत होते, आणि काल रात्री गळ्यापासून बेंबीपर्यंत कोरड्या नदीचं पात्र काढलं, मध्ये वाळू, कडेला दरडी, आणि डोकं अगदी लहान, वाकून स्वतःच्याच पोटात पाणी शोधणारं. ही नदी मांजरा आहे, आमच्याकडची, उन्हाळ्यातली. काढताना मला तिच्या वळणांसाठी फोटो लागला नाही.

सकाळी भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला, "मावशी, याला पाणी द्या ना कुणीतरी."

हात अजून काढलेले नाहीत. तीन प्रकारे करून बघितले, तिन्ही जुन्या असुराचेच येतायत, नखंवाले. आज रात्री परत बसते.