मेक्सिको सिटीत लग्नाला येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी

आपल्याकडच्या मुलामुलींची लग्नं मेक्सिकोतल्या घरांत ठरू लागल्यापासून पुण्या-नाशकाहून पहिली विचारणा होते ती खाण्याची. लग्न आटोपून परतणारी मंडळी निरोपही एकच घेऊन जातात: तिथं शाकाहारी माणसाची उपासमार होते. हे खरं नाही, आणि ते ऐकलं की या शहरात राहणाऱ्याला लागतं. भोपळ्याची फुलं, निवडुंगाची पानं, पावट्यासारखे दाणे आणि निळा मका इतक्या मनापासून रांधणारी शहरं जगात थोडी असतील. अडचण आहे ती न दिसणाऱ्या दोन गोष्टींची, डुकराची चरबी आणि कोंबडी उकळून काढलेलं पाणी. त्या कुठं असतात हे कळलं की पोट नीट भरतं.

चरबीला इथं मान्तेका म्हणतात. लोण्याला मान्तेकिया. नावं जवळची असल्यामुळं गोंधळ होतो, तेव्हा नीट उच्चारा. घोटून परतलेला घेवडा, म्हणजे फ्रिहोलेस रेफ्रीतोस, बहुतेक वेळा मान्तेकात परततात. त्याऐवजी फ्रिहोलेस दे ला ओया मागा. तो बहुधा नुसता मडक्यात शिजवलेला असतो. फ्रिहोलेस चार्रोसमध्ये मात्र डुकराचं मांस असतंच, त्याच्या वाटेला जाऊ नका. तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, फसवे असतात. आत मिरची आणि चीज असलं तरी मक्याचं पीठ हलकं व्हावं म्हणून ते बहुधा मान्तेका घालून फेटलेलं असतं, अगदी गोड गुलाबी तामालसुद्धा. विचारल्यावर 'वेहेताल' असं उत्तर आलं तर ती वनस्पती तुपासारखी चरबी, ती चालेल.

कोंबडीचं पाणी, काल्दो दे पोयो, यापेक्षा जास्त छळतं. लाल भात, नूडल्सचं सूप, भाज्यांचं क्रीम सूप, मोले म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, कधी कधी चिलाकिलेसचा (साल्सात बुडवलेल्या मक्याच्या पोळीच्या तळलेल्या तुकड्यांचा) रस्सा, सगळ्यांत ते असू शकतं. पाणी नसेल तर कोंबडीच्या चवीची पूड असते. इथल्या स्वयंपाक्याच्या लेखी ते मांस नव्हेच, मसाला आहे. म्हणून 'सिन कार्ने', मांसाशिवाय, एवढंच सांगितलं तर हॅम किंवा कोंबडीही ताटात येते, कारण कार्ने म्हणजे मुख्यतः गाय-डुकराचं मांस. यात कुणी तुम्हाला फसवत नसतं. तीन प्रश्न क्रमानं विचारा: कार्ने, पोयो (कोंबडी) किंवा हामोन (हॅम) आहे का? काल्दो दे पोयो आहे का? मान्तेका आहे का? मी शाकाहारी आहे हे सांगायला बाई असाल तर 'सोय वेहेतारियाना', पुरुष असाल तर 'वेहेतारियानो'. तिन्ही प्रश्न फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले की काम होतं. अंडं खात नसाल तर 'सिन वेवो' वेगळं सांगा.

आता खायचं काय? मक्याच्या टॉर्टियात, म्हणजे पोळीत, मका, चुना आणि पाणी एवढंच असतं, तो निर्धास्त खा. मैद्याच्या टॉर्टियात चरबी असू शकते. रस्त्यावरच्या तव्यावर, कोमालवर, फ्लोर दे कालाबासाची म्हणजे भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, मागा. मात्र या शहरात केसादियात चीज असेलच असं नाही, 'कोन केसो' म्हणावंच लागतं. तळलेली नको, कोमालवरची हवी हेही सांगा, कारण तळणाच्या कढईत कधी कधी मान्तेका असतं. वित्लाकोचे ही मक्यावर वाढणारी काळी बुरशी. दिसायला नकोशी, चवीला मश्रुमाच्या वर. निळ्या मक्याचे लांबट, सारण भरलेले त्लाकोयो घेवड्याचे, आबासचे (पावट्यासारख्या दाण्यांचे) किंवा रेकेसोनचे (मऊ ताज्या चीजचे) असतात. वर निवडुंगाच्या फोडी आणि साल्सा. भाजलेलं कणीस घेताना 'सिन मायोनेसा' म्हणा. वाटीतले मक्याचे दाणे, एस्कीतेस, काही गाड्यांवर हाडांसोबत शिजवतात, विचारून घ्या. सरबतांत अग्वा दे हामाइका आहे. हे लाल अंबाडीच्या फुलांचं आंबट सरबत, आपल्या लोकांना लगेच आवडतं. चिंचेचंही मिळतं. कडक जैन जेवणाऱ्यांनी तव्यावर आधी मांस भाजलेलं असतं हे लक्षात घ्यावं. त्यांच्यासाठी फळं, दही आणि स्वयंपाकघर असलेली भाड्याची खोली बरी. नळाचं पाणी कुणीच पिऊ नये, इथले लोकही वीस लिटरचे जार आणतात.

लग्नातल्या जेवणाचं आमंत्रणाला होकार कळवतानाच सांगा. मेजवानी टेबलावर वाढतात, प्रत्येकाची खुर्ची नावानिशी ठरलेली असते, आणि शाकाहारी ताट मोजून बनतं. त्या रात्री अचानक सांगितलं तर बटाटे आणि सॅलड मिळेल. क्रीम सूपचा प्रश्न तेव्हाच विचारून ठेवा. पत्रिकेवर दोन जागा लिहिल्या असतील तर दोनच. सोबत मावशीला, भाच्याला घेऊन जाणं इथं चालत नाही, आणि 'मुलं नकोत' असं लिहिलेलं असलं तर तेही शब्दशः घ्यावं. आपल्या दृष्टीनं हे कोरडं वाटतं. पण त्यामुळंच पहाटेपर्यंत प्रत्येकाकडं लक्ष दिलं जातं, आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास तोर्नाबोदा म्हणून गरम चिलाकिलेस किंवा पोसोले, म्हणजे मक्याच्या दाण्यांचा बहुधा मांस घातलेला रस्सा, येतं, तेही सगळ्यांना पुरून उरतं. तेव्हाही तिन्ही प्रश्न विचाराच.

चर्चचा विधी साधारण तासाभराचा. तेरा नाणी नवरा नवरीला देतो, दोघांच्या खांद्यांवर एक दोर, लासो, टाकतात. प्रसादाच्या वेळी कॅथलिक नसलेल्यांनी जागेवरच बसावं. पांढरी साडी टाळा, पैठणी उत्तम. इस्त्री मात्र भारतातून आणू नका. इथं वीज १२७ व्होल्टची आहे, आपली २३० व्होल्टची इस्त्री पुरेशी तापत नाही. हॉटेलात 'प्लांचा' मागा. फोनचे चार्जर चालतात, फक्त चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर लागतो.

हार-वेण्यांसाठी हामाइका बाजारात जा. मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं आहे, चौथ्या आणि नवव्या मार्गावर. निशिगंध आणि झेंडू दोन्ही मूळचे याच देशातले, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही. निशिगंध इथं नार्दो नावानं जुड्यांनी मिळतो. झेंडूचे ढीग ऑक्टोबर अखेरीस मृतांच्या सणासाठी येतात. इतर महिन्यांत त्याच्या भरवशावर राहू नका. गुंफणारं कुणी नाही, सुई-दोरा आपला आणा, सुई मोठ्या बॅगेत. हळदकुंकू, सुपाऱ्या, मुंडावळ्या घरूनच. तांदूळ इथं घ्या.

प्रवासाचं थोडक्यात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर पर्यटकाला वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर नुसत्या थांब्यालाही अमेरिकेचा व्हिसा हवा. हे न तपासल्यामुळं लोक मुंबईतच अडकतात. शहराला दोन विमानतळ आहेत: जुना बेनितो हुआरेस शहरात, नवा फेलिपे आंखेलेस उत्तरेला बराच लांब. तिकिटावर कोड बघा, पहिल्याचा एमईएक्स, दुसऱ्याचा एनएलयू. आणि लग्नाचं ठिकाण खरंच शहरात आहे ना हेही बघा. पुष्कळ लग्नं कुएर्नावाका किंवा तेपोस्त्लानच्या बागांत होतात. शुक्रवारी दुपारनंतर तिकडं जाणारा रस्ता तुंबतो, रविवारी संध्याकाळी परतीचा.

शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, कळसूबाईपेक्षा जवळजवळ सहाशे मीटर वर. पहिल्या दोन दिवसांत जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, दारू लवकर चढते. म्हणून लग्नाच्या किमान दोन दिवस आधी या, रात्रीचं जेवण हलकं ठेवा, पाणी भरपूर प्या. जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस ठरलेला. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो आणि घरांत हीटर नसतात, तेव्हा शाल हवी.

सुरक्षिततेबद्दल घरून रोज फोन येतात, त्यांना एवढंच सांगा: रोमा, कोंदेसा, पोलांको, कोयोआकान या भागांत मुंबईइतकीच सावधगिरी पुरते. रस्त्यावरची टॅक्सी हात दाखवून थांबवू नका, अ‍ॅपवरून बोलवा किंवा विमानतळावर खिडकीवर पैसे भरून घ्या. एटीएमनं रुपयांत हिशेब करून देऊ का विचारलं तर नाही म्हणा, दर महाग पडतो. मेट्रोचे पुढचे डबे गर्दीच्या वेळी बायका-मुलांचे.

भूकंपाचा भोंगा ऐकला तर तो खरा धरा. किनाऱ्याजवळचा धक्का शहरात पोचायच्या आत तो काही सेकंद मिळवून देतो. तळमजल्यावर असाल तर लगेच बाहेर मोकळ्या जागेत. वरच्या मजल्यावर असाल तर खिडक्यांपासून दूर राहा आणि लिफ्ट वापरू नका. १९ सप्टेंबरला सराव असतो, १९८५ आणि २०१७ चे मोठे भूकंप याच तारखेचे.

उरलेल्या दिवसांसाठी मानववंशशास्त्र संग्रहालयाला पूर्ण सकाळ द्या. ते आणि चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घर सोमवारी बंद असतं. निळ्या घराचं तिकीट आधी ऑनलाइन काढल्याशिवाय मिळणं कठीण. सोचिमिल्कोच्या कालव्यांतल्या नावेचं भाडं ताशी आणि अख्ख्या नावेचं असतं, माणशी नाही. चढण्यापूर्वी फलकावरचा दर बघून वेळ ठरवा.