फवारणी बंद केली आणि शिंपी आला

मागच्या वर्षी बागेत औषध मारणं बंद केलं, खरंतर आळशीपणामुळेच, आणि पानांना भोकं पडायला लागली तेव्हा जाम वैताग आला होता. पण मग शिंपी यायला लागला! एवढासा पक्षी, शेपटी वर करून एकेका पानाच्या खाली डोकावतो, अळ्या शोधतो, आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. चिमण्या दाणे खातात खऱ्या, पण पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवतात, म्हणजे अळ्या नाहीत तर पिल्लं नाहीत, इतकं साधं गणित मला कळायला एवढी वर्षं लागली.

सूर्यपक्ष्याची मादी तर कोळ्याची जाळी घेऊन जाते, घरटं विणायला, त्यामुळे आता जाळी काढायला हात होत नाही (घरचे म्हणतात, चांगलं निमित्त मिळालं).

पाण्याला पसरट भांडं ठेवलंय, दोनेक इंच पाणी बास. रोज घासून बदलायचं, नाहीतर डास होतात. बुलबुल जोडीने आंघोळीला येतात, दयाळ आला की सगळ्यांना हुसकावतो.

दुर्बिणीपेक्षा गप्प बसणं जास्त कामाला येतं. काल 15 मिनिटं पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही, शिंपी अगदी हातभर अंतरावर आला, आणि नेमका फोन वाजला.