गुलाबी कूलंटमध्ये हिरवं पडलं तेव्हा

एप्रिलमध्ये नाशिकला जाताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो. सहज बॉनेट उघडलं तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत पातळी ‘मिन’च्या रेघेच्या दोन बोटं खाली. समोरच स्पेअर पार्टचं दुकान होतं. माझ्या गाडीत गुलाबी कूलंट, त्याच्याकडे हिरवंच. “सगळं सारखंच असतं ताई, रंगाचा काय फरक?” तो म्हणाला, आणि मीही अर्धा लिटर ओतून मोकळी झाले.

तीन आठवड्यांनी भांडुपहून निघाले. एलबीएस रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग. टेम्परेचरचा काटा एरवी मध्यावर खिळल्यासारखा असतो, तो हळूहळू वर सरकला. सिग्नल सुटला, वारा लागला, की खाली. पुन्हा सिग्नल, पुन्हा वर. एसी बंद करून, खिडक्या उघड्या टाकून घामाघूम होत कशीबशी घरी आले.

सकाळी गार गाडीची बाटली उघडली. उसाच्या रसात कोकम सांडावं तसा मळकट रंग. गळ्याच्या आतून बोट फिरवलं तर साबणाच्या वडीखाली साचतो तसला बुळबुळीत थर बोटाला आला.

बाबांचा सल्ला तयारच होता. “अगं, पाणी टाक नि चालव. आम्ही प्रीमियर पद्मिनी गाडीला खंडाळ्याच्या घाटात कॅनभर पाणी पाजायचो.” खरं आहे. पण त्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता आणि त्यात पाण्याशिवाय दुसरं काही घालायची पद्धतच नव्हती. आताचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे. नळाचं पाणी सतत वापरलं की आत क्षार बसतात, गंज धरतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं गॅरेज आहे त्या काकांनी आधी एकच गोष्ट बजावली: गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, कूलंट शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. झाकण फिरवताक्षणी तोंडावर उडतं. म्हणून सकाळी आठला, गार गाडी घेऊन गेले.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. कूलंट बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. त्यात फरक पडतो तो गंजरोधक रसायनांचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट. ते साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं. नव्या पद्धतीच्यात सेंद्रिय आम्लं; ते पाच वर्षंही टिकतं. दोन्ही एकत्र आली की काही जोड्यांत साका धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. दर वेळी धरतोच असं नाही. पण साका नाही धरला तरी गंजापासूनचं संरक्षण लवकर संपतं. आणि रंग? तो नुसता डाय. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं, दुसरीचं हिरवं नव्या. डब्याच्या मागचं वाचायचं आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघायचं. अडल्यावर तात्पुरतं डिस्टिल्ड पाणी, म्हणजे दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं ते, अनोळखी कूलंटपेक्षा बरं.

मग फ्लश, म्हणजे जुनं काढून आतून धुणं. खालचा पाइप सोडल्यावर जेमतेम अडीच लिटर आलं. बाकीचं इंजिनच्या पोटात राहतं. डिस्टिल्ड पाणी भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवायचा (मे महिन्यात, मुंबईत!), थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की आपोआप उघडणारी झडप) उघडून वरचा पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. आमचे चार फेरे झाले. पहिला चहासारखा, चौथ्याला पाणी पाण्यासारखं. उतरवलेलं घमेलं काकांनी लगेच झाकलं. ग्लायकॉल गोड लागतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात. गटारात तर ओतूच दिलं नाही.

एक बारकावा मला नवा होता. फ्लशनंतर आत पाणी शिल्लक असतं, त्यामुळे रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) ओतलं तर ते आणखी पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, आणायचं, एकूण मापाच्या निम्मं ते आधी भरायचं, वर डिस्टिल्ड पाणी.

पण काका डबा उघडेनात. “ताई, मुळात कूलंट कमी का झालं होतं?” बंद सिस्टिम, ते जाणार कुठे? इगतपुरीपासून हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्यांनी झाकणाच्या जागी हातपंप बसवून दाब दिला. पंपावरचा काटा बघता बघता उतरू लागला. टॉर्चच्या उजेडात वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकाशी सुकलेली गुलाबी-पांढरी रेघ दिसली. सील गेलेलं. किती महिने थेंब थेंब गळत होतं कोण जाणे. गरम इंजिनवर वाळत असल्याने खाली डागसुद्धा पडत नव्हता.

वॉटर बॉडी बदलली, मग नवं गुलाबी भरलं, आत अडकलेली हवा काढली. एक अख्खा दिवस गेला. कूलंटपेक्षा पार्ट आणि मजुरीलाच जास्त पैसे पडले. आता बाटलीवर पातळीशी काळ्या मार्करने रेघ मारून ठेवली आहे. रविवारी सकाळी, गाडी गार असताना बघते. पावसाळा संपत आला, अजून पातळी रेघेवरच आहे. डिकीत बॅटरीच्या पाण्याचा एक कॅन असतो. बाबा तो बघून हसतात.