वाटणं-वही, नोंद १४ : 'आलीस वाटतं!'ने केलेला घोटाळा

सांगितलेली गोष्ट बोलणाऱ्याला कशी कळली, पाहून, ताडून की ऐकून, हे कुठली भाषा कशी दाखवते याचा तक्ता मी या वहीत करतेय. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मराठीचा तक्ता संपला, आता क्वेचुआचे (दक्षिण अमेरिकेतली एक भाषा) दोन रकाने भरले की झालं. ते वाक्य मागे घेते. तक्ता संपलेला नाही, उलट मधोमध फाटलाय. आणि फाडला कुणी, तर आईने.

शनिवारी एसटी रखडत रखडत सांगलीला पोचली, माहेरच्या दारात उभी राहिले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. आईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आलीस वाटतं!" खांद्यावरची पिशवी तशीच आणि मी उंबऱ्यावर थिजलेली. "आत ये की, तिथंच काय उभारलीयस?" हे तिने दोनदा म्हटल्यावर भानावर आले.

जुन्या वाचकांना अडचण लगेच कळेल. माझे तीन रकाने : पाहिलं, ताडलं, ऐकलं. वाक्याच्या शेवटी येणारं 'वाटतं' मी 'ताडलं'मध्ये टाकलं होतं आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत शेरा मारला होता : 'बोलणाऱ्याला खात्री नाही'. पण मी आईच्या समोर दोन फुटांवर उभी होते. तिला कसली खात्री नव्हती? पोटची पोर ओळखण्याची?

ते 'मला वाटतं' वेगळं, हे नोंद ९ मध्ये झालंय, पुन्हा उगाळत नाही. एवढंच आठवून देते की शेवटचं 'वाटतं' गोठलेलं आहे. त्याला 'मला' लागत नाही आणि ते नकारात जात नाही. 'आला असं वाटत नाही' चालतं, पण 'असं' काढून टाका, वाक्य लंगडतं. थोडक्यात, ते क्रियापदाच्या नोकरीतून निवृत्त होऊन 'म्हणे'च्या शेजारी बाकावर येऊन बसलंय.

तुमच्यापैकी दोघांनी मागेच सुचवलं होतं की एक चौथा रकाना काढ, अचंब्याचा. तेच करून पाहिलं. नाही जमत. आईला कसलाही अचंबा नव्हता, संध्याकाळपासून तिचे चार फोन येऊन गेले होते. आणि खरा अचंबा असतो तिथे 'वाटतं' येतच नाही. गच्चीवर वाळवण काढताना डोक्यावर ताडताड गारा पडायला लागल्या तर माणूस 'अगं बाई, गारा!' म्हणतो. 'गारा पडतायत वाटतं' असं कोण म्हणेल? हां, तेच घरात बसून पत्र्यावर आवाज ऐकू आला तर सगळेच म्हणतील.

या गारांनीच पहिला धागा दिला. मग रविवारभर घरातल्यांना वाक्यं म्हणायला लावली. (कॉलरला लावायचा स्वस्तातला माइक यासाठी मागवला होता, तो अर्ध्या तासात मुका झाला. दोनशे रुपयांच्या माइकवर भरवसा ठेवणाऱ्यांनी ठेवावा, मी वही-पेन्सिलीवर परत आलेय.) सगळ्यात उपयोगी पडलेली जोडी ही : फोनवर वाऱ्याचा घोंघाट ऐकून 'बाहेर उभी आहेस वाटतं' एकदम बरोबर. तेच समोरासमोर उभ्या असलेल्या बाईला म्हणून पाहा. एक तर तुम्ही टोमणा मारताय, नाही तर चष्मा बदलायला झालाय.

मग 'आलीस वाटतं' समोरासमोर का चालतं? कारण आईला मी दिसत होते, माझं येणं दिसलं नव्हतं. एसटी कधी लागली, रिक्षा मिळाली का, जिना कधी चढले, यातलं काही तिने पाहिलेलं नाही. तिच्यासमोर होता तो त्या सगळ्याचा शेवट, पिशवीसकट. 'नवीन साडी वाटतं?' याचंही तेच. साडी डोळ्यांसमोर आहे, नवेपण ताडलेलं आहे. ओला रस्ता बघून 'पाऊस पडून गेला वाटतं' म्हणणारा माणूस रस्त्याबद्दल साशंक नसतो.

म्हणजे शंका हा मुद्दाच नव्हता. 'घडलं तेव्हा मी नव्हते, खूण मात्र माझ्यासमोर आहे', एवढंच हे 'वाटतं' सांगतं. खात्री शंभर टक्के असली तरी चालते. शेऱ्यावर काट मारली. ती काट मारताना जे सुख झालं ते तुम्हालाच कळेल, घरच्यांना सांगून उपयोग नाही.

आता 'म्हणे' शेजारी ठेवा. 'आला म्हणे, पण मला नाही पटत' हे खुशाल म्हणता येतं. 'आला वाटतं, पण मला नाही पटत' म्हणून बघा, जीभ अडते. 'म्हणे'मध्ये जबाबदारी गावावर ढकललेली असते, 'वाटतं'मध्ये ती आपल्याच गळ्यात. कुस्कोच्या (पेरूतलं शहर) क्वेचुआत ऐकीव माहितीला लागणारा '-सि' हा प्रत्यय नेमका 'म्हणे'सारखा वागतो, असं मार्टिना फॉलर यांच्या २००२ च्या प्रबंधात आहे. '-सि' लावून सांगितलेल्या गोष्टीवर बोलणाऱ्याचा विश्वास असलाच पाहिजे असं नाही. सीमेपलीकडच्या कन्नडातला 'अंते' (बंदनंते : आला म्हणे) याच रांगेत बसेल असा माझा होरा, पण ही जीभ अडण्याची चाचणी तिथे अजून केलेली नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. सोमवारी सकाळी बाबांनी पुढचा धोंडा टाकला.

बाबा रक्तदाबाची गोळी घ्यायला उठले, पाकीट हातात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "घेतली वाटतं मी." सोमवारचा कप्पा फुटलेला होता. स्वतःच घेतलेली गोळी, स्वतःच्याच तोंडात, अर्ध्या तासापूर्वी, आणि वर 'वाटतं'! स्वतःच्या कृतीला आपण हजर नव्हतो असं कसं म्हणता येईल?

पण म्हणतो की आपण. 'डोळा लागला वाटतं माझा' हे तर रोजचं आहे. तुर्की इथे डोळे झाकून '-मिश' हा प्रत्यय लावते (आधीच्या स्वराप्रमाणे त्याचा '-मुश', '-म्युश'ही होतो) : 'उयुमुशुम', मला झोप लागली वाटतं. '-मिश'ला मी नोंद ४ मध्ये 'ऐकीव' असं लेबल लावलं होतं. तेही आता सुधारलंय, कारण तुर्की शिकवणाऱ्या बाई स्वतः घास तोंडात ठेवून 'ग्युझेल ओल्मुश' म्हणतात, म्हणजे छान झालंय. खूप दिवसांनी भेटलेल्या भाचीला 'ब्युयुम्युश्स्युन', मोठी झालीस की! वाढताना पाहिली नाही, वाढलेली पाहिली. आमच्या दारातल्या 'आलीस वाटतं'ची ही सख्खी मावसबहीण. फरक इतकाच की '-मिश'च्या पोटात ऐकीवही मावतं. तिकडच्या गोष्टी 'बिर वारमिश, बिर योकमुश' अशाच सुरू होतात : एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. आपण त्यासाठी 'म्हणे' वेगळं ठेवलंय. रकाने पाडण्यात मराठी जास्त काटेकोर निघाली, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

आणि मग रात्री आठवलं की हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी विचारून झालाय. पाणिनीचं सूत्र ३.२.११५ : 'परोक्षे लिट्'. परोक्ष म्हणजे न पाहिलेल्या भूतकाळाला लिट् ही क्रियापदाची रूपं. मग 'मी'ला लिट् कसा लावायचा? आपलंच कर्म आपल्याला परोक्ष कसं? व्याकरणपरंपरेचं उत्तर : झोपेत किंवा नशेत. 'मत्तोऽहं किल विललाप', नशेत मी बरळलो म्हणे. इथवर कॉलेजात शिकवलं होतं. पुढचं मी विसरले होते. पतंजली महाभाष्यात, म्हणजे पाणिनीवरच्या भाष्यात, म्हणतो की जागा माणूसही समोरचं टिपत नाही. दाखला देतो तो शाकटायनाचा. एवढा मोठा वैयाकरण रस्त्याच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडा गेला आणि याला पत्ताच नाही.

बाबा म्हणजे शाकटायन! गोळी गिळली तेव्हा लक्ष पेपरात होतं. झोप नाही, नशा नाही, नुसतं चित्त ठिकाणावर नाही. म्हणून 'घेतली वाटतं मी'. 'मी चहा केला वाटतं' हे एरवी कानाला खटकतं, पण गॅसवरचं रिकामं पातेलं बघून एखादी विसराळू बाई म्हणाली की लगेच बसतं. चाचणी व्याकरणातल्या पुरुषाची ('मी' की 'तो') नाहीच, हजेरीची आहे. मी स्वयंपाकघरातच टाळी वाजवली.

त्याच भाष्यात जरा अलीकडे, ३.२.१११ वर, आणखी एक गंमत आहे. 'अरुणद्यवनः साकेतम्', यवनाने (म्हणजे ग्रीकाने) साकेताला (अयोध्येला) वेढा घातला. बोलणाऱ्याने पाहिलेलं नाही, तरी लिट् नाही, लङ् हा दुसरा भूतकाळ. कारण गोष्ट लोकविख्यात आहे आणि मनात आणलं असतं तर बघता आली असती. कंसवधाला मात्र लिट् : 'जघान कंसं किल वासुदेवः'. स्लोबिन आणि अक्सू या भाषाशास्त्रज्ञांनी तुर्कीत असंच टिपलंय. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला तेव्हा लोक '-मिश' लावून बोलले, कारण बातमी अनपेक्षित होती. तुर्कस्तानचे पंतप्रधान एजेवित यांचा राजीनामा अपेक्षितच होता, तिथे साध्या भूतकाळाचा '-दी'. दोघांनाही कुणी जाऊन पाहिलं नव्हतं. मराठीत ही चाचणी घ्यायची राहिलीय. आदल्या रात्रीचा निवडणूक निकाल सांगताना आपण 'पडला' म्हणतो की 'पडला म्हणे', आणि कधी? बघा जरा कान देऊन.

एक भोक अजून बुजत नाही, ते प्रामाणिकपणे सांगते. 'आम्हाला काही कामधंदे नाहीत वाटतं?' इथे बोलणाऱ्याला पक्कं माहीत असतं की कामं ढीगभर आहेत. कुठली खूण, कुठलं ताडणं? माझा सध्याचा तर्क असा : खूण आहे समोरच्याच्या वागण्यात. त्याच्या वागण्यावरून 'आम्ही रिकामटेकडे' असा निष्कर्ष निघतो, तो आपण त्याच्या तोंडावर फेकतो. म्हणजे गळालेला 'मला' इथे 'तुला' होऊन मागच्या दाराने परत येतो. पण मग 'गोठलेलं' या माझ्या लाडक्या शब्दाचं काय? बरं, 'शहाणा समजतोस वाटतं स्वतःला' यात ही अडचण नाही, तिथे दुसऱ्याच्या मनातलं ताडणंच आहे. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर लिहून फ्रिजवर लावलीत.

जपानीत मात्र छोटासा विजय. ज्या दोन 'सो'नी मला पावसाळाभर छळलं ते सुटले, आणि सुटले ते आपल्या शाळेतल्या ऱ्हस्व-दीर्घाने! 'ओइशिसो' म्हणजे दिसतंय तरी चविष्ट. 'ओइशीसो' म्हणजे चविष्ट आहे म्हणे. एक वेलांटी बदलली की डोळ्यांची साक्ष जाऊन कानांची येते. शुद्धलेखनाच्या बाईंनी हे उदाहरण दिलं असतं तर वर्गात कुणी झोपलं नसतं. सावधान : 'कवाईई' म्हणजे गोड, म्हणून 'गोड दिसतंय' असं म्हणायला 'कवाइसो' करू नका. त्याचा अर्थ होतो 'बिच्चारं'. मी केलं. बाळाच्या आईसमोर.

जर्मनची जुनी नोंद चाळताना आणखी एक सापडलं. 'एअर झोल क्रांक झाइन', तो आजारी आहे म्हणे. यातलं 'झोल' हे एरवी 'केलं पाहिजे'वालं क्रियापद. आपलं 'असावा'ही 'करावा-जावा'च्याच घरातलं, पण 'तो आजारी असावा' हा अंदाज झाला, ऐकीव नव्हे. एकाच कर्तव्याच्या मुळापासून जर्मन अफवेकडे वळली आणि मराठी तर्काकडे. का, ते विचारू नका, या आठवड्यात डोकं भरलंय.

साधनांबद्दल. रकान्यांची स्प्रेडशीट मी बंद केली. रकाना आखला की तो भरावासा वाटतो आणि भरण्यासाठी आपण उदाहरणं वाकवतो. पुन्हा चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक वाक्य, आणि मागे कोण कुठे उभं होतं ते. हे 'कुठे उभं होतं' आजवर लिहिलंच नाही ही माझी घोडचूक. बोलून टाइप करण्याची सोय तर या कामाला कुचकामी, ती 'वाटतं'चं परस्पर 'वाटते' करते आणि बोलीचा जीव घेते. १८५७ च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला मात्र अजून तोड नाही, उतारा शोधायला गेलं की तास जातो तेवढंच.

पुढचा बेत क्वेचुआचा होता. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की '-सि' आणि स्वतः पाहिलेल्याला लागणारा '-मि' तिथे ज्या शब्दावर भर आहे त्याला चिकटतात, आणि आपलं 'वाटतं'ही सरकतं! 'मामा आले वाटतं' म्हणजे येण्याचा अंदाज. 'मामा वाटतं आले' म्हणजे कुणी तरी आलंय हे नक्की, मामा असल्याचा अंदाज. तेव्हा क्वेचुआ थांबेल, आधी हे सरकणं. प्रत्येकाने घरच्यांच्या तोंडची मधल्या 'वाटतं'ची पाचेक वाक्यं पाठवा, आणि बोलणारा कुठे उभा होता तेही लिहा.

आताच दाराची कडी वाजली. बाबा वाटतं आले. बघून येते.