सेमीकोलन उडाला की प्रोग्रॅम पडतो, मग जीव कसा तगतो?

मी प्रोग्रॅमिंग शिकवतो आणि उत्क्रांतीबद्दल बोलायची मला खोड आहे. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला माणूस आज ना उद्या विचारतोच: ‘डीएनएमध्ये आंधळे बदल होत होत डोळा तयार झाला म्हणता, मग तुमच्या प्रोग्रॅममधलं सेमीकोलनचं (;) एक चिन्ह उडालं तर सगळं ठप्प का? आंधळ्या बदलांनी प्रोग्रॅम सुधारलेला कुणी पाहिलाय?’ काहींना खरंच कुतूहल असतं, काहींना माझ्याच तोंडून उत्क्रांती खोटी ठरवून घ्यायची असते. उत्तर दोघांनाही तेच.

बदल आणि निवड एवढ्या भांडवलावर उत्क्रांती चालत नाही. जे बदलतं त्याची घडणही तशी लागते. लहानसा धक्का बसला तर ते बहुतेक वेळा शाबूत राहायला हवं आणि क्वचित का होईना, त्यातून थोडं वेगळं पण चालणारं काहीतरी निघायला हवं. याला उत्क्रांतिक्षमता म्हणतात. जनुकीय भाषेत तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द आहेत. त्यातले तीन ‘थांबा’ सांगतात, उरलेले ६१ मिळून २० अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, दर्शवतात. जीसीयू, जीसीसी, जीसीए, जीसीजी या चारही शब्दांचा अर्थ एकच, अलॅनिन. शेवटचं अक्षर बदललं तरी प्रथिन तेच राहतं.

आपले प्रोग्रॅम असे नसतात, कारण ते तसे आपल्याला नकोच असतात. बँकेचा प्रोग्रॅम चुकला तर जागीच पडलेला बरा. चुकीची शिल्लक दाखवत बिनबोभाट चालत राहिला तर पंचाईत. म्हणजे त्याचा ठिसूळपणा आपणच मागून घेतलेला आहे.

पण ठरवलं तर दुसऱ्या तऱ्हेचा प्रोग्रॅमही लिहिता येतो. टॉम रे हे मूळचे परिसंस्थेचे अभ्यासक, कोस्टा रिकाच्या जंगलात काम केलेले. १९९० च्या सुमारास त्यांनी ‘टिएरा’ नावाचं एक जग संगणकात उभं केलं. त्यातले रहिवासी म्हणजे स्वतःची नक्कल करणारे छोटे प्रोग्रॅम. मेमरी मर्यादित, प्रोसेसरचा वेळ मर्यादित, आणि मधूनमधून एखादा बिट उलटा होणार, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य. आता साध्या मशीन भाषेत ‘अमुक पत्त्यावर उडी मार’ अशी आज्ञा असते. त्या पत्त्यातला एक बिट उलटला की उडी भलतीकडे जाते आणि प्रोग्रॅम मेला. रे यांनी पत्ते काढूनच टाकले. उडीच्या आज्ञेपुढे एक छोटा नमुना ठेवला. प्रोग्रॅम जवळपास त्याला पूरक असलेला नमुना शोधतो आणि तिथे जातो. रेणू एकमेकांना पत्ता विचारत नाहीत, आकार जुळला की चिकटतात. कल्पना तिथूनच उचललेली. आज्ञाही मोजून ३२ ठेवल्या, पाच बिटांच्या जेवढ्या जुळण्या होतात तेवढ्याच. त्यामुळे कुठलाही बिट उलटला तरी निघणार ती एक वैध आज्ञाच.

रे यांनी स्वतः लिहिला तो फक्त पहिला पूर्वज, ८० आज्ञांचा. पुढे ४५ आज्ञांचा एक प्राणी उपजला. त्याच्याकडे नक्कल करायचा भागच नव्हता. तो शेजाऱ्याचा वापरायचा. परजीवी! मग त्याला दाद न देणारे यजमान आले, आणि परजीवीलाच लुबाडणारेही आले. यातलं काहीही कुणी लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ‘पाहिलाय का’ याचं उत्तर हो, पाहिलाय. अर्थात टिएराची झेपही पुढे मंदावलीच. त्या जगात करण्यासारखं फारसं काही शिल्लक राहिलं नाही, असं माझं मत.

यावर हुशार माणसं पुढचा प्रश्न टाकतात: टिएराला घडण रे यांनी दिली, निसर्गात ती कुणी दिली? निवडीला तर उद्याचं दिसत नाही.

इथे मी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींच्या चंबूंकडे वळतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जीवाणूंच्या १२ वसाहती वेगवेगळ्या चंबूंत सुरू केल्या. रोज शंभरावा हिस्सा ताज्या द्रावणात टाकायचा, दर ५०० पिढ्यांनी थोडे जीवाणू गोठवून ठेवायचे. द्रावणात अन्न म्हणून थोडं ग्लुकोज, आणि भरपूर सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही. साधारण ३१,५०० पिढ्यांनी एका चंबूतल्या जीवाणूंना ते यायला लागलं. सायट्रेट आत घेणारं जनुक त्यांच्याकडे आधीपासून होतंच, पण त्याची कळ ऑक्सिजन असताना बंद राहायची. त्या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली, ती नेमकी ऑक्सिजनमध्येही चालू असणाऱ्या दुसऱ्या एका कळीशेजारी जाऊन पडली.

नशीब? लेन्स्कींच्याच प्रयोगशाळेतल्या झॅकरी ब्लाउंट यांनी गोठवलेल्या निरनिराळ्या पिढ्या पुन्हा जाग्या करून वाढवल्या. परत सायट्रेट जमलं ते २० हजाराव्या किंवा त्यानंतरच्या पिढ्यांतून निघालेल्यांनाच. मधल्या काळात झालेल्या बदलांनी वाट तयार केली होती, आणि ते टिकले तेव्हा सायट्रेट खाणारं तिथे कुणीच नव्हतं. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने मात्र परिस्थिती बदलून, सायट्रेटशिवाय पर्याय फारसा ठेवलाच नाही तेव्हा, हेच काही आठवड्यांत घडवून दाखवलं. त्यावर बरीच खडाजंगी झाली. मला दोन्ही निकाल पटतात. क्षमता जीवाणूत किती आणि त्याच्या चंबूत किती, हे मोजायची एकच पट्टी अजून कुणाच्या हाती आहे असं मला वाटत नाही.