कमाईची उरलेली वर्षं

रविवार, रात्र

दर वर्षी एकदा घरचा सगळा हिशेब वहीत उतरवते. ठेवी, फंड, कर्ज, विमा, सगळं एका पानावर. या वेळी त्या यादीच्या डोक्यावर आणखी एक ओळ लिहिली: कमाईची उरलेली वर्षं. माझ्यासमोर १४ आकडा आला. तो लिहून झाल्यावर खालच्या प्रत्येक रकमेकडे मी नव्याने बघायला लागले.

नोकरदार माणसाची सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे त्याचे पुढचे पगार. पंचविशीत खात्यात फारसं काही नसलं तरी ३५ वर्षांची कमाई पुढे उभी असते. साठीला खातं भरलेलं असेल, पण पगार संपलेले असतात. मधल्या काळात एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत राहायचं, एवढंच काम. फ्रँको मोदिल्यानी या अर्थशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात रिचर्ड ब्रमबर्गबरोबर हेच मांडलं होतं: उत्पन्न आयुष्यभर वरखाली होतं, राहणीमान मात्र माणसाला शक्यतो सारखं हवं असतं, म्हणून कमावत्या वर्षांनी बिनकमाईच्या वर्षांची सोय करायची. मोदिल्यानींना १९८५ साली नोबेल मिळालं.

दुपारी भाचीचा फोन होता. पहिली नोकरी नुकतीच लागली आहे तिला. ‘मावशी, पगारातून किती बाजूला टाकू?’ हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, किती ते नंतर बघू, आधी तुझी कमवायची ताकद सांभाळ. आरोग्य विमा, अपघाताचं कवच, आणि पगार थांबला तरी काही महिने निभावेल एवढी रोख रक्कम. तिच्यावर अजून कोणी अवलंबून नाही, तेव्हा आयुर्विम्याची घाई नको. ज्या दिवशी कोणी अवलंबून असेल त्या दिवशी साधा मुदत विमा घ्यायचा, म्हणजे ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तरच पैसे देणारा. विमा आणि गुंतवणूक एकाच पाकिटात घालून देणाऱ्या योजनांपासून तिने दूर राहावं असं मला मनापासून वाटतं. कवच अपुरं पडतं आणि परतावा नेमका किती, तेही धड कळत नाही.

मग चक्रवाढीचं गणित सांगितलं. ७२ला व्याजदराने भागलं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं. ८ टक्क्यांनी ९ वर्षं. म्हणजे २४व्या वर्षी ठेवलेली रक्कम साठीपर्यंत चार वेळा दुप्पट होते, सोळापट. तीच रक्कम ४२व्या वर्षी ठेवली तर चौपट. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, ‘पण आत्ता टाकायला आहेच किती?’ खरं आहे. म्हणून तिला हेही सांगितलं की या वयात एखादं कौशल्य शिकण्यावर घातलेला पैसासुद्धा गुंतवणूकच आहे. आज पगार ५ टक्के वाढला तर ती वाढ पुढच्या प्रत्येक वर्षाच्या पगारात बसलेली असते.

फोन ठेवल्यावर कर्जाचा तक्ता काढला. मधल्या वयाची खरी ओढाताण इथे दिसते. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर पहिल्या हप्त्यातल्या दर १०० मधले ८३ व्याजात जातात. १४ वर्षं हप्ते भरल्यावर कुठे अर्धी मुद्दल फिटते. हे तक्त्यात ओळीने पाहिलं की कळतं, सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात भरलेली छोटीशी जादा रक्कम किती व्याज वाचवते. कर्जाची मुदत आपल्या कमाईच्या वर्षांच्या पलीकडे जाता कामा नये, एवढी एक अट मात्र मी घट्ट धरते.

याच वयात बचत वाढायला हवी, आणि नेमका याच वयात खर्च पगारवाढीच्या पुढे धावतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: आजच्या पगाराला हात लावायचा नाही, पुढच्या वाढीतला हिस्सा बचतीला द्यायचं आजच कबूल करायचं. अमेरिकेतल्या एका कंपनीत ज्यांनी ते केलं त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारा पगार कमी झालेला दिसत नाही, म्हणून मन कुरकुरत नाही.

शेअर किती ठेवावेत यासाठी ‘१०० उणे वय’ हा नियम सगळे सांगतात: १०० मधून वय वजा करायचं, उरेल तेवढे टक्के शेअरमध्ये. मला तो पटत नाही. निवृत्तिवेतन ठरलेलं असलेल्या शिक्षिकेचं उत्पन्न रोख्यासारखं स्थिर असतं, तिला बाजाराची जोखीम जास्त पेलते. कमिशनवर जगणाऱ्याचं उत्पन्नच बाजाराबरोबर डोलतं, त्याने त्याच वयात सावध असायला हवं. नवराबायको एकाच कंपनीत असतील तर पगार दोन, पण धोका एकच. आणि आपल्याच कंपनीचे शेअर भरून ठेवणं तर सगळ्यात वाईट. २००१च्या डिसेंबरमध्ये एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी बुडाली तेव्हा असंख्य कर्मचाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तीची पुंजी एकदमच गेली.

निवृत्तीच्या आसपासच्या वर्षांचा मला सगळ्यात जास्त घोर आहे. वहीत एक साधं उदाहरण मांडून पाहिलं. १०० ची पुंजी, एका वर्षी ३० टक्के घट, दुसऱ्या वर्षी ३० टक्के वाढ. काहीच काढलं नाही तर क्रम कोणताही असो, ९१ उरतात. पण दर वर्षअखेर १० काढले, तर आधी वाढ आणि मग घट झाल्यास ७४ उरतात, आधी घट आणि मग वाढ झाल्यास ६८. सरासरी तीच, फरक फक्त क्रमाचा. कमावत्या माणसाला पडता बाजार स्वस्तात खरेदी करू देतो. पगार थांबलेल्याला तिथेच विकावं लागतं. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ साली अमेरिकेतली जुनी आकडेवारी तपासून पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईनुसार वाढवायची, असं प्रमाण सुचवलं, तेही अशा वाईट सुरुवातीची वर्षं डोळ्यासमोर ठेवूनच. ते ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी आणि त्या देशाच्या बाजारावरून काढलेलं आहे, त्यामुळे मी तो आकडा जसाच्या तसा धरणार नाही. सगळंच ठेवीत टाकणंही जमणार नाही, कारण महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि २४ वर्षांत चौपट.

तेव्हा माझ्या १४ वर्षांचं असं ठरलं: शेवटच्या पाच वर्षांत दर वर्षी थोडी रक्कम शेअरमधून काढून निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांचा खर्च ठेवी आणि रोख्यांत आणायचा, बाकीची तशीच वाढू द्यायची. पुढच्या पगारवाढीतली निम्मी रक्कम थेट गुंतवणुकीत वळती व्हावी म्हणून अर्ज भरून ठेवला आहे. मुदत विमा कर्ज फिटायच्या आधीच संपतो आहे असं आज लक्षात आलं. त्याची चौकशी उद्याच करते, आणि नॉमिनीची नावंही एकदा तपासून घेते.